जिंदाबाईनचा टायरवाला

१४ जून, शनिवार

ही वही गाडीचं लॉगबुक म्हणून आणली होती. पण जानेवारीपासून गाडी सिडनीतलं आमचं घर ते जवळचं पेंडल हिल एवढीच चालली आहे, तीही कढीपत्ता आणायला. तेव्हा लिहिण्यासारखं काही नव्हतं. आजपासून आहे.

ऑस्ट्रेलियातला बर्फाचा सीझन मागच्या शनिवारी सुरू झाला, आणि आज चहा गाळता गाळता सुमेधाने विषय काढला. नुपूर तिकडे बर्फाच्या डोंगरांपाशी जिंदाबाईनला आहे, सप्टेंबरअखेर तिथूनच परस्पर कॅनडाला जाणार आहे, वर्षभराचा व्हिसा आलाय. त्याच्या आत जाऊन तिला भेटून ये, म्हणाली. मी म्हटलं, जाऊ की. मी कुठे नाही म्हणतोय? फेब्रुवारीपासून आमचं बोलणं नाही हे खरं. पण फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष सोडून बर्फात नोकरी करायला निघालेल्या मुलीसाठी बाप काय पेढे वाटणार होता? तिथे कुठल्याशा हॉटेलात काम करत असावी. मी विचारलेलं नाही.

जायला माझी ना नाही. प्रश्न गाडीचा आहे. पाचशे तीन हॉर्सपॉवरची एसयूव्ही, शून्य ते शंभर चार पॉइंट तीन सेकंदांत, एकवीस इंची चाकं आणि त्यावर समर टायर. सात डिग्रीच्या खाली समर टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. हे मी म्हणत नाही, मॅन्युअलच्या दोनशे एकोणनव्वदाव्या पानावर छापलंय. म्हणजे विंटर टायर आले. ते बसवले की लगेच निघू. दोन आठवड्यांचं काम आहे.

१५ जून

ड्राइव्हवेत थर्मामीटर लावला. लॅबमधला जुना आहे, पण कॅलिब्रेट केलेला. मी एकवीस वर्षं वेस्टमीडला रक्ताची लॅब सांभाळतोय, अंदाजपंचे आकडे मला चालत नाहीत. सकाळी सहा वाजता सहा पॉइंट आठ. म्हणजे धोका आमच्या दारातच सुरू होतो. सुमेधाला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "स्वेटर घाल."

२१ जून

ब्लॅकटाउनला ग्रेगच्या दुकानात गेलो. ग्रेग पस्तीस वर्षं टायर विकतोय. मी एक्सेल शीट प्रिंट करून नेली होती, चौदा कॉलम आणि सव्वीस टायर. त्याने ती तेलकट हातात धरली, चष्मा कपाळावर नेऊन लांबून बघितली आणि विचारलं, राहतोस कुठे? मी म्हटलं, वेस्टमीड. तो इतका हसला की आतली बाई बाहेर आली. तिलाही त्याने सांगितलं. मग तीही हसली. त्याच्या मते सिडनीत हे टायर कोणी ठेवत नाही, कारण कोणी मागत नाही. लोक बर्फात वर जाताना चेन भाड्याने घेतात, टायरवर बांधतात, येताना परत देतात. नो वरीज.

नो वरीज म्हणणाऱ्या माणसांनीच या देशात सगळ्यात जास्त अपघात केले असतील. चेन ही ऐनवेळी जागे होणाऱ्यांची सोय. मी माणूस शिस्तीचा आहे.

२२ जून, रविवार

सुमेधाने एक नंबर दिला. जिंदाबाईनमध्ये टायर आणि चेनचं एक दुकान आहे, तिथल्या जाणकार माणसाचा म्हणे. मेसेज कर, फोन नको करूस, ते लोक कामात असतात. हिला टायरवाल्याचा नंबर कुठून मिळाला असं विचारलं, तर कुकर झाला म्हणून आत गेली. कुकर गॅसवर नव्हताच, पण ते असो.

नंबर 'जिंदाबाईन टायरवाला' म्हणून सेव्ह केला. व्यवस्थित इंग्रजीत लिहिलं. माझं पूर्ण नाव, हुद्दा, गाडीचं मॉडेल, नऊ प्रश्न. चार मिनिटांत उत्तर आलं. नऊ प्रश्नांना मिळून एकच. की आमचं गाव नॅशनल पार्कच्या खाली आहे, इथपर्यंतच्या रस्त्यावर बर्फ बहुतेक नसतोच, कुठलीही गाडी चालेल, तुम्ही या. आणि खाली आणखी एक ओळ होती. लांब निघण्याआधी बीपीची गोळी घ्यायला विसरू नका, बरेच लोक विसरतात.

मी थक्क झालो. शहरातल्या कुठल्या दुकानात इतकी आपुलकी आहे? सुमेधाला वाचून दाखवलं. तिने तोंडावर पदर नाही म्हणून नॅपकीन धरला.

पण 'बहुतेक नसतोच' हे काही उत्तर नव्हे. असं आम्ही रिपोर्टवर लिहिलं तर?

२९ जून

टायरवाल्याशी रोज बोलणं होतं. तरुण असावा, पण समजूतदार. आज त्याने पुन्हा चेनचा आग्रह धरला, तेव्हा मला खरं कारण सांगावं लागलं. चेन बांधायला गुडघ्यावर बसावं लागतं आणि माझा उजवा गुडघा एप्रिलपासून दुखतोय. घरात मी कोणाला सांगितलेलं नाही. सुमेधा नर्स आहे, लगेच मागे लागेल. त्यावर त्याने पाच प्रश्न विचारले. जिना चढताना दुखतो की उतरताना? आतून की समोरून? सूज? मग लिहिलं, खुर्चीत बसून पाय सरळ करा, दहा मोजा, दिवसातून तीन वेळा.

टायरवाल्याला हे कसं ठाऊक? दिवसभर चेन बांधून त्यांचे गुडघे कामातून जात असणार, म्हणून शिकले असतील बिचारे.

६ जुलै

गुडघा खरंच कमी दुखतोय.

चाकांचा साइझ हा आता मुख्य प्रश्न आहे. बर्फात चाक लहान आणि टायर जाड नि अरुंद असलेला बरा, असं सगळे युरोपियन लोक म्हणतात. म्हणजे एकवीस इंचांवरून अठरा इंचांवर यायचं. टायरवाला म्हणतो, वीसच्या खाली जाऊ नका, तुमच्या गाडीचे ब्रेक मोठे आहेत. मी म्हटलं, मोजून बघतो. मी कोणाच्या शब्दावर जात नाही.

मग त्याने सहज विचारलं, इकडे वर कोणी ओळखीचं आहे का? फॅमिली? मी लिहिलं, नाही, नुसता बर्फ बघायला येतोय. आता परक्या माणसाला आपल्या घरातल्या गोष्टी कशाला सांगायच्या.

१६ जुलै

दहा दिवस झाले, टायरवाल्याचं उत्तर नाही. सात मेसेज पाठवले. निळ्या खुणा येतात, म्हणजे वाचतो. काय ही सर्व्हिस. सुरुवातीला नव्याचे नऊ दिवस, मग सगळे सारखेच.

रविवारी सुमेधाला बोललो, तर तिने विचारलं, तू त्याला शेवटचं काय लिहिलंस? मी फोन दिला. तिने वाचलं, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि शिफ्टला निघून गेली. तीन दिवस घरात कारलं चाललंय.

१९ जुलै

कोणाच्या मदतीशिवाय निर्णय घेतला. पुढचं एक चाक काढून व्हर्नियरने ब्रेकची चकती मोजली. दोनदा. अठरा इंची चाकात व्यवस्थित बसते. मेलबर्नच्या एका कंपनीकडे ऑर्डर दिली. तीन आठवडे लागतील.

दोन आठवड्यांचं काम म्हटलं होतं मी. पाच झाले. ठीक आहे, घाईत घेतलेला टायर आणि घाईत दिलेला रिपोर्ट सारखाच घातक.

आज कोणीही विचारलेलं नसताना सुमेधा म्हणाली, की नुपूर थंडीची सवय नसल्याने पहिला महिना खोकत होती. मी म्हटलं, हॉटेलात हीटर असेल ना. ती म्हणाली, "ती हॉटेलात नाही." मग कुठे आहे, असं विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर फेब्रुवारीचा विषय निघाला असता. तो विषय वेगळा आहे. त्याचा टायरशी संबंध नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

चाकं आली. कुरिअरवाल्याने चारही हॉलमध्ये आणून ठेवली, कारण गॅरेजमध्ये गाडी आहे. सोफा जेवणाच्या टेबलापाशी सरकवावा लागला. आता जेवायला सोफ्यावर बसायचं आणि टीव्ही चाकांवरून बघायचा. नवीन रबराचा वास वरणालाही येतो.

संध्याकाळी चंद्रहास आला. चंद्रहास आठवडाभर बँकेत सॉफ्टवेअर बघतो आणि शनिवार-रविवारी मंडळातल्या लोकांच्या पूजा सांगतो. त्याने पंचांगाच्या ॲपवर बघितलं. श्रावण आहे, पौर्णिमा आहे, आजच उरकून घ्या. ग्रेगची वेळ पुढच्या शनिवारची होती. मी म्हटलं, चाकं गाडीला लागली की करू. चंद्रहास म्हणाला, यंत्राची पूजा करायला यंत्र अख्खं असावं असं कुठे लिहिलंय? मी हळदकुंकू आणायला उठलो.

चारही चाकांवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं. तूप घालून, म्हणजे टिकेल. नारळ फोडला. अडचण लिंबाची आली. लिंबू चाकाखाली ठेवून गाडी पुढे घ्यायची असते, पण आमची गाडी गॅरेजमध्ये आणि चाकं हॉलमध्ये. शेवटी आम्ही दोघांनी एकेक चाक उभं करून लिंबावरून ढकलायचं ठरवलं. तीन लिंबं फुटली. चौथं घरंगळून बाजूला झालं आणि चाक सुटलं. ते हॉल ओलांडून, पॅसेजमधून सरळ नुपूरच्या खोलीत गेलं आणि तिच्या पलंगाला टेकून उभं राहिलं.

आणायला गेलो तर खोली तशीच होती. उशीचा अभ्रा बदललेला होता, म्हणजे सुमेधा दर आठवड्याला बदलत असणार. मी तिथे थोडा वेळ बसलो. चंद्रहासला वाटलं मला लागलं.

१६ ऑगस्ट

बसली नाहीत.

मी चकती मोजली होती. चकतीच्या बाहेरून तिला पकडणारा एक लाल डबा असतो, कॅलिपर म्हणतात त्याला. तो मोजला नव्हता. ग्रेगने चाक लावून बघितलं, टक्क असा आवाज आला. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा टक्क. मग म्हणाला, "मेट, हे चाक या गाडीचं नाही." आणि स्वस्तिकाकडे बोट दाखवून विचारलं, की हे कसलं वंगण आहे.

२३ ऑगस्ट

कंपनीने माल नेला, तपासला आणि परत पाठवला. सोबत रिपोर्ट. चारही चाकांच्या दर्शनी भागावर लाल आणि पिवळ्या रंगाचा गंज, तीन टायरवर आम्लाचा परिणाम, एका टायरमध्ये खोबरेसदृश तंतू. सबब माल खडतर प्रदेशात वापरलेला असून परत घेता येत नाही. खडतर प्रदेश म्हणजे आमचा हॉल.

मी उलट लिहिलं, की हा गंज नसून पूजाद्रव्य आहे. त्यांनी विचारलं, ते उत्पादकाने मान्य केलेलं आहे का?

चाकं पुन्हा हॉलमध्ये. सुमेधाने त्यातल्या एकावर कुंडी ठेवली.

२४ ऑगस्ट, रविवार

आज अकारण वाईट वाटत होतं. दुपारी जेवल्यावर टायरवाल्याला मेसेज केला. उत्तर येणार नाही हे माहीत होतं, त्यामुळे सोपं गेलं. जसं लिहिलं तसं इथे उतरवून ठेवतो.

'तुम्ही वीस इंच म्हणाला होता, तुमचं बरोबर होतं. आणखी एक. मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझी मुलगी तुमच्या गावात आहे. फेब्रुवारीत ती दोन बॅगा आणि स्नोबोर्ड घेऊन घरातून निघाली, तेव्हा म्हणाली स्टेशनपर्यंत सोड. नवी गाडी दारात उभी होती. मी म्हटलं, एवढे मोठे निर्णय घेतेस तर चालतही जा. ती चालत गेली. मी खिडकीतून बघत होतो. कोपऱ्यावर तिच्या बॅगेचं चाक निघालं, ती ओढत नेत होती. मी तरी गेलो नाही. आता तिला भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचत नाही. वीस इंचात कुठला टायर घ्यावा?'

तासाभराने उत्तर आलं. 'वीस इंचात कुठलाही चांगला आहे. पहिलं वाक्य काहीही चालेल. ती एकोणतीस सप्टेंबरला सकाळी निघतेय, मेलबर्नहून विमान आहे. ऑगस्टमध्ये आणि जुलैमध्ये उत्तर दिलं नाही, सॉरी. गुडघा कसा आहे?'

गाव लहान आहे. सगळ्यांना सगळं माहीत असतं. पण बरं वाटलं. मला वाटतं या माणसाला मुलगी असावी.

९ सप्टेंबर

वीस इंची चाकं आली. हॉलमध्ये आता आठ. जुनी एकवीस इंची मी उत्साहात गेल्या रविवारीच टूंगॅबीच्या एका पंजाबी गृहस्थांना देऊन टाकली, जागाच नव्हती. गाडी गॅरेजमध्ये चार स्टँडवर उभी आहे. कामाला मी तसाही चालतच जातो.

पितृपक्ष लागलाय. चंद्रहास म्हणाला, पंधरा दिवस नवीन काही लावू नकोस. आणि मग आता थांबलाच आहेस तर दसऱ्यालाच लाव, वाहनपूजेचा दिवस, साडेतीन मुहूर्तांतला. दोन ऑक्टोबर. डोकं शांत झालं. या वेळी सगळं पद्धतशीर होईल.

२१ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, विचार करत होतो.

सुमेधा युनिफॉर्मला इस्त्री करत होती. म्हणाली, पुढच्या सोमवारी नुपूर निघतेय. मी म्हटलं, माहितीये, पण चाकं दसऱ्याला लागणार, तीन दिवस इकडे की तिकडे. मी मुद्दाम थोडंच करतोय? गाडीला चाकंच नाहीत, रस्ता थंड आहे, मी माणूस शिस्तीचा आहे. हे सगळं मी बोललो आणि ती शांतपणे कॉलर इस्त्री करत राहिली. मग इस्त्री उभी ठेवली.

"स्टेशन साडेसातशे मीटर होतं, विश्राम. त्याला कुठले टायर लागणार होते?"

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी हॉलमध्ये जाऊन बसलो. आठ चाकं. एकावर कुंडी. तीन महिने मी सात डिग्री सात डिग्री करत होतो. फेब्रुवारीत त्या दिवशी चौतीस डिग्री होतं. समर टायरला याहून चांगला दिवस मिळाला नसता. मला लाज वाटली. एवढंच.

थोड्या वेळाने सुमेधाने तिच्या हॅचबॅकची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि ती ट्रेनने शिफ्टला गेली.

२७ सप्टेंबर, शनिवार. जिंदाबाईन

सुमेधाची गाडी बारा वर्षांची आहे. एका चाकाची कॅप नाही. हीटर लावला की चण्याचा वास येतो. सकाळी बीपीची गोळी घेऊन निघालो, साडेचारशे किलोमीटर, दोनदा थांबलो.

वाटेत बर्फ कुठेही नव्हता. कूमा गावाच्या पुढे रस्ता कोरडा ठणठणीत, ऊन, बाजूला मेंढ्या. गाडीतला काटा चौदा डिग्री दाखवत होता. फक्त लांबच्या डोंगरांवर पांढरं होतं. टायरवाला पहिल्याच दिवशी हे म्हणाला होता.

म्हणून आधी त्याच्याच दुकानात गेलो, की त्याला भेटावं, नुपूर कुठे राहते ते विचारावं, आणि थोडा धीर गोळा करावा. दुकानाच्या समोर एका व्हॅनच्या चाकापाशी नारिंगी जॅकेट घातलेलं कोणीतरी ताडपत्रीवर गुडघे टेकून चेन मापाला लावून बघत होतं. मी म्हटलं, एक्स्क्यूज मी. तिने मान वळवली. हातावर कोपरापर्यंत ग्रीस, केस कापून टाकलेले, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. नुपूर.

पहिलं वाक्य मी वाटेत आठ वेळा तयार केलं होतं. ते आठवलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या बॅगेचं चाक दुरुस्त केलंस का?"

"नाही," ती म्हणाली. "तशीच ओढते."

"मी सोडायला हवं होतं. स्टेशनवर."

तिने हातातली चेन व्हॅनला अडकवली, हात पँटला पुसले आणि तशीच माझ्या गळ्यात पडली. माझ्या स्वेटरच्या पाठीवर दोन्ही पंजे उठलेत. धुवायचा नाही म्हणून पिशवीत वेगळा ठेवलाय.

व्हॅनवाले लोक वाट बघत होते, तेव्हा ती परत कामाला लागली. मी शेजारी उभा राहून बघितलं. चेन पसरते, चाकामागून आणते, हूक लावते. मग व्हॅनवाल्याला चार हात पुढे न्यायला लावते, थांबवते आणि पुन्हा ताणते. पहिल्यांदा लावली ती कधीच नीट बसलेली नसते, म्हणाली. दिवसाला तीस-चाळीस गाड्या करते. मला वाटत होतं हॉटेलात कपबशा मांडते.

मग म्हणाली, "गुडघा कसा आहे? रोज करतोस ना?"

मी म्हटलं, बराच कमी आहे. नंतर लक्षात आलं, की गुडघ्याचं मी फक्त टायरवाल्याला सांगितलं होतं. म्हणजे त्याने हिच्याजवळ बोलून टाकलं. माणूस चांगला आहे, पण पोटात काही राहत नाही. मी तिला विचारलं, तुमच्याकडे एक जाणकार माणूस आहे, मेसेजला उत्तरं देतो, त्याला भेटायचंय. त्याच्यासाठी सुमेधाने चकल्या दिल्यात.

"तो आज नाहीये," ती म्हणाली आणि चकल्यांचा डबा उघडला. "मी देईन त्याला." निम्म्या तिथेच खाल्ल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

नुपूरला मेलबर्नला सोडलं. विचारत होती, सोडशील का, बस पण आहे. साडेपाचशे किलोमीटर. दोन बॅगा, स्नोबोर्ड मधून आडवा, त्याचं टोक माझ्या कानापाशी. ती निम्मा वेळ झोपली होती. उरलेल्या वेळात तिने सांगितलं, की फिजिओ सोडलेलं नाही, युनिने दोन वर्षांची रजा दिलीये. हे फेब्रुवारीतही सांगितलं होतं म्हणे. मी म्हटलं, मला ऐकू आलं नसेल. ती म्हणाली, "यू वेअर शाउटिंग, बाबा."

विमानतळावर तीन मिनिटांच्या वर थांबू देत नाहीत. मी अकरा मिनिटं थांबलो. बॅग तुटक्या चाकावर खरडत होती म्हणून आत दारापर्यंत उचलून नेली. परत येताना रडलो. सुमेधाच्या गाडीत टिश्यू असतात.

२ ऑक्टोबर, दसरा

ग्रेग स्वतः घरी आला आणि विंटर टायर बसवून गेला. टक्क झालं नाही. चंद्रहासने पूजा सांगितली. आपट्याची पानं नसल्याने दरवर्षीप्रमाणे लिंबाच्या झाडाची वाटली. तापमान एकोणतीस. मॅन्युअल म्हणतं, गरम रस्त्यावर विंटर टायर मऊ पडतात आणि ब्रेक उशिरा लागतो. हळूहळू पेंडल हिलला जाऊन श्रीखंड आणलं.

टायरवाल्याला दसऱ्याच्या शुभेच्छा पाठवल्या. निळ्या खुणा आल्या नाहीत. सीझन संपला, तोही कुठेतरी गेला असेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी करंज्यांचं सारण भाजत होतो, भाजायचं काम माझ्याकडे असतं. फोन वाजला. स्क्रीनवर 'जिंदाबाईन टायरवाला'. मला आनंद झाला. सुमेधाला म्हटलं, बघ, आठवण ठेवली पठ्ठ्याने.

मेसेज इंग्रजी अक्षरांत होता, पण मराठी.

'बाबा, इथे कॅनडात विंटर टायर कम्पल्सरी आहेत. जुनी छोटी गाडी घेतलीय. कुठले लावू?'

मी तो तीनदा वाचला. मग वर सरकवून सगळे वाचले, जूनपासूनचे. बीपीची गोळी. गुडघा. फॅमिली आहे का, आणि मी लिहिलेलं 'नाही'. त्याच्याखाली माझेच सात मेसेज, एकाखाली एक. सारण करपलं. सुमेधाने गॅस बंद केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. नुपूरने घर सोडल्यावर नंबर बदललाय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुकर गॅसवर नव्हता.

मग मी लॅपटॉप उघडला. सव्वीस टायर, चौदा कॉलम. उभ्या ऑस्ट्रेलियात या विषयावर माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल, आणि हे ज्ञान पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामाला येणार होतं. लिहायला बसलो. रबराचा प्रकार, खाचांची खोली, अरुंद की रुंद, ब्रेकचा लाल डबा मोजायला विसरू नकोस. अर्ध्या पानावर थांबलो. तिकडे संध्याकाळ होत आली असेल, दुकानं बंद होतील.

सगळं पुसलं आणि लिहिलं, 'दुकानात जे असतील ते लाव. आजच लाव. आणि दर्शनी भागावर हळदकुंकू लावू नकोस.'

निळ्या खुणा लगेच आल्या.